भाईदासच्या दाढेतला मसाला

भाईदास खोटं बोलत नाही, हीच सगळी पंचाईत होती. खोटारड्याचं बोलणं गाव एका कानानं ऐकतं आणि दुसऱ्यानं सोडून देतं. पण भाईदास पडला सरळ माणूस. तापीपलीकडे जैनाबादला त्याच्या केळीच्या बागा, आणि आवाज असा की पलीकडे तो गड्यांवर ओरडला की अलीकडच्या घाटावर बायकांचं धुणं थांबतं. हा पुतणीच्या लग्नाला इंदूरला गेला, तिथं गोड खाऊन त्याची डावी दाढ ठणकली, आणि तिथल्या एका दंतवैद्यानं दोन्ही बाजूंचे एक्स-रे काढले. डावीकडची दाढ उपटली. उजवीकडचा फोटो मात्र त्यानं बराच वेळ खिडकीशी धरला.

"ही कोणी भरली?"

"आमच्या बऱ्हाणपूरच्या लोणीकर डाक्टरनं," भाईदास ऐटीत म्हणाला.

"मूळ रिकामं आहे. वरून टोपण लावून दिलंय नुसतं. फसवलं तुम्हाला."

लोणीकर डॉक्टर म्हणजे आमचे हे, वामनराव. मी निर्मला, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. आमचा दवाखाना इतवाऱ्यात, घराच्याच पुढच्या खोलीत. त्यामुळे दवाखान्यात जे घडतं ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि मी जे बोलते ते पेशंटला.

भाईदास परतला तो फोटो खिशात घालूनच. दोन बोटांएवढी ती फिल्म त्यानं दुकानोदुकानी उन्हाला धरून दाखवली. दात पांढरा आणि मुळातून वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ. "पाहा, पाहा. खाली मकान हाये, रिकामं घर," असं तो ज्याला त्याला सांगत होता. त्यात द्वेष नव्हता. मुनिमालाही दाखवली, भाजीवालीलाही दाखवली, आणि शेवटी आमच्याकडे येऊन मलाही दाखवली.

"भाईदासदादा, ती दाढ दुखते का?" मी विचारलं.

"नाही बाई. चार साल झाले, एक दिवस नाही दुखली."

"मग ओरडता कशाला?"

"पन रिकामी हाये ना! मले आता मालूम पडलं. त्या बाजूनं मी खानंच बंद केलं. केळाचा गोळा अंदर जाऊन बसला तर?"

डावीकडे दाढ नाही, उजवीकडे विश्वास नाही. बिचारा पुढच्या दातांनी भाकरी कुरतडत होता, आणि मला हसूही येत होतं, रागही येत होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण तो इंदूरचा दंतवैद्य नुसतं बोलून थांबला नाही, त्यानं वर पत्र लिहिलं. आणि वर म्हणजे कुठे, तर त्या वर्षी कोणालाच धड माहीत नव्हतं. आदल्या, म्हणजे छप्पनच्या, नोव्हेंबरात नवं राज्य झालं होतं. आम्ही बऱ्हाणपूरकर जागचे हललो नव्हतो, राजधानी मात्र नागपुरातून उठून भोपाळला जाऊन बसली होती. शिक्षकांच्या याद्या, वकिलांच्या याद्या, दंतवैद्यांच्या याद्या, सगळं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवणं चाललं होतं. आम्हाला पत्र आलं ते असं: आपल्याविरुद्ध तक्रार असल्यामुळे नव्या वहीत आपलं नाव तूर्त रोखलं आहे, बावीस फेब्रुवारीला अधिकारी समक्ष येऊन तपासणी करतील.

नाव उतरलं नाही तर दारावरची पाटी काढायची. एकोणीस वर्षं दाढा भरून शेवटी फसव्या ठरून घरी बसायचं.

वामनरावांनी पत्र तीनदा वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. हा माणूस कधी चिडत नाही, आणि त्यामुळे घरातलं सगळं चिडणं माझ्या वाट्याला येतं. मी इंदूरच्या त्या दंतवैद्याचा उद्धार करत होते तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "तो म्हणतो तसंच दिसतंय. पण मी दाढ भरली आहे. मला आठवतंय."

"मग फोटोत का दिसत नाही?"

"माझा मसाला फोटोत दिसतच नसेल तर?"

इथे मसाल्याचं सांगायला हवं. दाताची नस मेली की मुळातली बारीक नळी साफ करून आत काहीतरी भरावं लागतं. लढाईच्या काळात बाहेरचं औषध यायचं बंद झालं, तेव्हा यांनी स्वतःच मसाला बनवला: राळ, लवंगेचं तेल आणि चिमूटभर चुना. पेशंट बरे झाले, कोणी तक्रार केली नाही, आणि लढाई संपल्यावरही तोच मसाला चालू राहिला. तेव्हा आमच्याकडे एक्स-रेचं यंत्र नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जुनं यंत्र घेतलं ते किडलेल्या दाढा पाहायला. भरलेल्या दाढेचा फोटो काढायचं कोणाच्या मनातच आलं नाही. पेशंट हसत गेला म्हणजे दाढ भरली.

"एक्स-रेत दाट वस्तू पांढरी येते, पोकळी काळी," हे म्हणाले. "दातापेक्षा मसाला फारच विरळ असेल, तर भरलेली नळीही काळीच दिसेल. हे मोजून दाखवता येईल."

"कशानं मोजणार?"

"ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांनी. शिकताना पाहिलंय. एका पायरीची जाडी एक मिलिमीटर, दुसरीची दोन, अशा दहा. मसाला आणि पायऱ्या एकाच फिल्मवर ठेवायच्या. मसाला ज्या पायरीइतका पांढरा, ती त्याची पायरी."

मला हे फार आवडलं. दिसणं म्हणजे काय, तर आकडा! इतक्या वर्षांत हे माझ्याशी इतकं छान कधी बोलल्याचं आठवत नाही. माझा आनंद फार टिकला नाही, कारण ॲल्युमिनियम कुठून आणायचं हा प्रश्न आला आणि दोघांचीही नजर माझ्या दुधाच्या जर्मनच्या पातेल्यावर गेली. पातेलं गेलं. भांडी दुरुस्त करणाऱ्या लोटूनं त्याच्या दहा बारीक पट्ट्या कापून ठोकून सपाट केल्या, प्रत्येक खालचीपेक्षा थोडी आखूड. एक पट्टी नेमकी एक मिलिमीटर आहे हे कसं कळायचं? मी दहाही एकावर एक ठेवल्या आणि शाळेची फूटपट्टी लावली. पहिल्या वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं. मी लोटूला परत पाठवलं. असं चारदा झालं. चौथ्यांदा लोटू म्हणाला, "बाई, इतकं बारीक तर सोनारही नाही पाहत," आणि मी म्हटलं, "सोनाराचं नाव कोणी वहीतून काढत नाही."

मसाला एक मिलिमीटर जाडीचा ठेवायला सायकलच्या दुकानातले वॉशर आणले. वॉशरच्या भोकात मसाला भरायचा आणि वरून सुरीनं सपाट करायचा. शेजारी एक रिकामा वॉशर आणि बरणीतल्या उपटलेल्या दाताची घासून केलेली तेवढ्याच जाडीची चकती. सगळं फिल्मवर मांडून यंत्र लावलं, फिल्म न्हाणीघरात अंधार करून धुतली. पहिली फिल्म कोळशासारखी काळी आली, दुसरी निम्मी पांढरी. कारण आमच्या पलीकडच्या गजाननची पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की आमची वीज बसते, बंद झाली की उसळते. पण हे म्हणाले, म्हणूनच तर पायऱ्या बरोबर ठेवायच्या. वीज कशीही असो, मसाल्याला आणि पायऱ्यांना ती सारखीच मिळते.

पाहायचं कसं, हे मी ठरवलं. एकट्या माणसाची नजर फितूर होते, म्हणून काळ्या पुठ्ठ्याला दोन भोकं पाडली. फिल्म मधोमध कापून एकातून वॉशर पाहायचा, दुसऱ्याखालून पायऱ्या एकेक सरकवायच्या, आणि सारखं दिसलं की पाटीवर आकडा लिहायचा. पाहणारे तिघं: मी, लोटू आणि शेजारची शारदा.

दाताची चकती तिघांनाही पहिल्या पायरीइतकी दिसली. मग मसाला. मला तो पहिल्या पायरीच्या बराच खाली दिसला, जवळजवळ रिकाम्या वॉशरसारखा. मी शून्य लिहिलं. लोटूनं शून्य लिहिलं. शारदानं लिहिलं पाच.

"शारदा, पाच कुठे दिसले तुला?"

"दिसलं तर काहीच नाही वहिनी," ती संकोचून म्हणाली. "पन भाऊसाहेबांचं औषध हाये. शून्य कसं देऊ? चांगलं दिसत नाही."

"ही शाळेतली परीक्षा नाहीये. जे दिसतं ते लिही."

तिनं थुंकी लावून पाच पुसला आणि नाइलाजानं दोन लिहिला. त्याखाली यायला ती तयारच होईना.

खरी गंमत ही की आम्हाला शून्यच हवं होतं. मसाला जितका कमी दिसेल तितके आम्ही सुटणार होतो. भरलेला आणि रिकामा वॉशर सारखेच काळे दिसले, की भाईदासच्या फोटोतली काळी रेघ भरलेलीही असू शकते हे सिद्ध होत होतं. वामनराव शून्य आलं की हात चोळत, "वा! पुन्हा शून्य!" म्हणत. पण ही गोष्ट इतवाऱ्यात कोणालाही पटवून देता येईना. डॉक्टरांच्या औषधाला रोज शून्य मिळतंय ही बातमी पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. गजाननची आई आली, माझा हात हातात घेऊन बसली. एकानं हळूच विचारलं, पुन्हा बसता येत नाही का परीक्षेला?

शारदा तर इच्छापूरला जाऊन देवीला नवस बोलून आली. मसाला दिसू दे, पाच नारळ चढवीन.

"अगं, दिसू नये असा नवस बोल!" मी कपाळाला हात लावला. "पुन्हा जा आणि बदलून ये."

"वहिनी, देवीजवळ जाऊन 'नको' कसं मागायचं? देवीला द्यायचंच माहीत." मग थोडा विचार करून म्हणाली, "नारळ मी कमी करून येते. दोनच."

आमचा कंपाउंडर उखर्डू मात्र काहीच बोलत नव्हता. पन्नाशीचा माणूस, दवाखाना उघडल्यापासून यांच्याजवळ. पडद्याआड बसून खलात मसाला घोटायचं काम त्याचं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जरीची तार ओढायचं काम. हा एकटाच तिथून निसटून दातांत आला. 'शून्य' शब्द ऐकला की तो मान खाली घालायचा. मला वाटलं, वयानं थकला असेल.

बावीस तारखेला अधिकारी आले. डॉक्टर मोतीलाल, बुटके, रात्रभराच्या गाडीनं चुरगळलेले, पण माणूस नीट होता. चहा घेतला, फाइल उघडली आणि हिंदीत म्हणाले, मला भाषण नको, जे आहे ते दाखवा. त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगते. भाईदासलाही बोलावलं होतं. तो आपला फोटो घेऊन, धुतलेलं धोतर नेसून, खुर्चीत आधीच जाऊन बसला होता.

मी सकाळीच गजाननला दोन तास गिरणी बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यानं ती आनंदानं बंद ठेवली, आणि गिरणीवर दळण घेऊन आलेली सगळी माणसं डबे काखेत मारून आमच्या ओसरीवर आली. दारात गजानन, खिडकीत बायका. पंचवीस तरी माणसं असतील.

वामनरावांनी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. भाईदासच्या दाढेचा नवा फोटोही काढला. तीच काळी रेघ. मग म्हणाले, "आता माझा मसाला पाहा. या रेघेइतकाच काळा दिसेल." उखर्डूनं पडद्याआड ताजा मसाला घोटून वॉशरमध्ये भरून आणला. मला त्याचा रंग जरा मळकट वाटला. पण माझं लक्ष साहेबांच्या चेहऱ्याकडे होतं, आणि ही चूक माझी.

फिल्म धुऊन आली. साहेबांनी ती खिडकीशी धरली. रिकामा वॉशर काळा. दाताची चकती पहिल्या पायरीची. आणि आमचा मसाला पांढराशुभ्र, सातव्या पायरीचा.

"दिसला!" शारदा खिडकीतून ओरडली. "सात! सात!" ओसरीवर टाळ्या पडल्या. गजाननच्या आईनं तिथूनच देवीला हात जोडले. उखर्डूच्या डोळ्यांत पाणी आलं.

वामनराव खाली बसले.

साहेब टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "डॉक्टर, तुमचा मसाला तर दातापेक्षा सातपट दिसतो. मग तो या गृहस्थाच्या दाढेत असता तर दिसला नसता का?"

"म्हंजे दाढ रिकामीच ना?" भाईदासनं विचारलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हात खाली घेतले.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी सरळ पडद्याआड गेले आणि उखर्डूचा खल घेऊन आले. आत राळेत करडी पूड चमकत होती. "हे काय आहे, उखर्डू?"

उखर्डूनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "चांदी," तो म्हणाला. "तार ओढताना भुगा पडते ना, बाई, तो. पोरीच्या जोडव्यांसाठी डब्बीत ठेवलेला होता."

"पण का?"

"डाक्टरसाहेब रोज शून्य, शून्य म्हणत होते. मले वाटलं, दुःखानं हसतात. आमच्या धंद्यात चमकल्याबिगर माल कोणी पास करत नाही." आणि मग अगदी हळू, "दहा आले असते. भुगा कमी पडला."

त्याला रागवायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. लेकीची जोडवी खलात घालणाऱ्या माणसाला काय बोलायचं? पण साहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे सगळं आम्ही बसवलेलं नाटक आहे, फक्त पात्रं भूमिका विसरली आहेत. मग माझा पारा चढला तो चढलाच. मी राळेची, चुन्याची आणि तेलाची मूळ बरण्या त्यांच्यापुढे आदळल्या, नवा खल ठेवला आणि म्हटलं, "साहेब, आमच्यापैकी कोणी हात लावणार नाही. तुम्ही घोटा. तुम्ही भरा. फिल्मही तुम्हीच धुवा. न्हाणीघर उजवीकडे आहे."

"निर्मला," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

मोतीलालसाहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि खरोखरच मसाला घोटला. लवंगेच्या वासानं त्यांना दोन शिंका आल्या. अर्ध्या तासानं ओली फिल्म घेऊन ते न्हाणीघरातून बाहेर आले. पुठ्ठ्यातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. भरलेला वॉशर आणि रिकामा वॉशर, दोन्ही काळे.

"शून्य," ते म्हणाले. आता कोणी टाळी वाजवली नाही, फक्त शारदा "अरे देवा" म्हणाली. साहेब उखर्डूकडे वळले. "बाबा, परदेशात असाच चांदीचा भुगा मसाल्यात घालतात. दिसावा म्हणून. तुला कोणी शिकवलं?" उखर्डूला हा टोमणा वाटला आणि तो पुन्हा रडू लागला.

मी सुटकेचा श्वास सोडला. पण साहेबांनी फाइल बंद केली नाही. "मसाला दिसत नाही, हे मान्य," ते म्हणाले. "पण दिसत नाही म्हणून तो आत आहे असं ठरत नाही. आत नसता तरी फोटो असाच आला असता."

एवढ्या दिवसांच्या हिशेबात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी गणित शिकवते!

"मंग उघडून पाहा ना," खुर्चीतून आवाज आला. भाईदास. "दाढ मही हाये. मले बी पाहायचं हाये अंदर काय हाये ते."

उखर्डूनं डोळे पुसले आणि पायानं दाढ कोरायचं यंत्र चालवलं. वामनरावांनी दाढेवरचं टोपण कोरून काढलं. ते निघालं तशी खोलीत लवंग दरवळली. चार वर्षांची मुरलेली लवंग. साहेबांनी वाकून हुंगलं. दारातून गजाननानं बाहेरच्यांना ओरडून सांगितलं, "लवंग! लवंग हाये!" आणि ओसरीवर पुन्हा गलका झाला. हे बारीक सुईनं मसाला खरवडून काढत होते, पिवळे कण कापसावर पडत होते. मी शेजारी फूटपट्टी धरून उभी होते. दहा मिलिमीटर. बारा. सोळा.

"पुरे," साहेब म्हणाले. "दाढ भरलेली होती. तक्रार खोटी." त्यांनी पेनचं टोपण उघडलं. मी देवाचं नाव घेतलं. संपलं होतं सगळं.

पण यांचा हात भाईदासच्या तोंडातून निघेना. सुई सोळावर अडकत होती ती एकाएकी अडकेनाशी झाली आणि सरळ खाली गेली. फूटपट्टीवर एकवीस. ते मी पाहिलं आणि यांनी हातानंच ओळखलं. दुसऱ्या कोणाला कळायचं कारणच नव्हतं. साहेब लिहीत होते, लोक उठत होते, कुणीतरी गजाननला गिरणी सुरू करायला सांगत होतं.

यांनी सुई खाली ठेवली. "साहेब, थांबा. खालचे पाच मिलिमीटर रिकामे आहेत."

यांच्या तोंडात तो कापसाचा बोळा कोंबावा असं मला वाटलं. खरंच वाटलं.

"मसाला मुळाच्या टोकापर्यंत गेलाच नाही," हे सांगत होते, पेशंटला सांगतात त्याच आवाजात. "इंदूरच्या डॉक्टरांनी फसवलं म्हटलं ते चूक. रिकामं म्हटलं ते सगळं चूक नाही. माझा मसाला फोटोत दिसत नाही, म्हणून तो कुठपर्यंत गेला हे मला कधी कळलंच नाही. एकोणीस वर्षं मी दाढा भरल्या त्या अंदाजानं. अशा किती असतील मला माहीत नाही. सगळ्यांना बोलावून पुन्हा पाहावं लागेल. हे अहवालात लिहा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, हे मी लिहिलं नाही तरी चालेल. लिहिलं तर नाव अडकू शकतं. वर बसलेले लोक पायऱ्या मोजत नाहीत."

"लिहा," हे म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फूटपट्टी पुसू लागले. बोलले असते तर रडले असते, आणि ते रडणं रागाचं नव्हतं. या माणसाशी लग्न झाल्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि तो त्याला कसा सांगायचा हेही कळत नव्हतं. साहेबांनी लिहिलं. शब्दन्‌शब्द लिहिला. मग फाइल भाईदासकडे फिरवली.

"आता तुमच्यावर आहे. तक्रार तुमच्या दाढेची. ती ठेवायची की मागं घ्यायची?"

पंचवीस माणसं भाईदासकडे पाहू लागली. त्याचा आवाज उद्या तापी ओलांडून जाणार होता, आणि त्यानं जे म्हटलं असतं तेच गावात कायम राहणार होतं. त्यानं तोंडातला कापूस काढून वाटीत टाकला. गाल चोळला. आणि मी ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा तो हळू बोलला.

"साहेब, तो इंदूरवाला मले बोलला, डाक्टरनं फसवलं. फसवणारा असता तर आता बोलला असता काय? तुमी तर उठले होते. काम झालं होतं." मग तो यांच्याकडे वळला. "डाक्टरसाहेब, रिकामी हाये ना अजून?"

"हो. पाच मिलिमीटर."

भाईदास खुर्चीत मागं रेलला आणि त्यानं तोंड उघडलं.

"मंग भरा. तुमच्याच हातानं."